डोक्यात अडकलेलं गाणं आणि बोरिवलीचा रेडिओ

या वेळी आलेली बहुतेक पत्रं कानाच्या तक्रारींची आहेत. पश्चिमेला बोरिवली ते अंधेरी आणि इकडे घाटकोपर ते मुलुंड, सगळीकडून. तक्रारी बारीक आहेत, पण त्यांचा धागा थेट आपल्या स्मरणशक्तीपर्यंत जातो. म्हणून काही प्रश्नांना नेहमीपेक्षा जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : सकाळच्या चर्चगेट जलद गाडीत शेजारच्याच्या मोबाइलवर एखाद्या गाण्याची एकच ओळ वाजते. तो बोटाने पुढे सरकवून मोकळा होतो. माझ्या डोक्यात मात्र ती ओळ संध्याकाळपर्यंत फिरत राहते. गाणं मला आवडतही नाही. असं का होतं आणि ते थांबवायचं कसं? – एक वाचक, बोरिवली पश्चिम

उत्तर : आधी काळजी सोडा. हा अनुभव बहुतेक सगळ्यांना येतो आणि तो कुठल्याही आजाराचं लक्षण नाही.

गाणं आवडतं की नाही याला इथे फारसं महत्त्व नसतं. ते नुकतंच ऐकलं आहे का आणि वारंवार कानावर पडतं का, यावर बरंच अवलंबून असतं. रीलमध्ये या दोन्ही गोष्टी जमून येतात. गाण्यातला सर्वांत पकड घेणारा तुकडा निवडलेला असतो आणि तोच डब्यातल्या चार मोबाइलवर वाजत असतो. शिवाय आपल्याला तेवढाच तुकडा पाठ असतो. तो संपला की पुढे काय हे मनाला ठाऊक नसतं, मग मन पुन्हा तुकड्याच्या सुरुवातीला येतं.

इंग्लंडमध्ये केली जाकुबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३,००० लोकांना विचारून अशा चिकट गाण्यांचा अभ्यास केला. ही गाणी इतरांच्या तुलनेत जलद लयीची निघाली. त्यांच्या चालीची चढउतार ओळखीची, सहज गुणगुणता येणारी होती. पण त्या ओळखीच्या चालीत कुठेतरी एखादी अनपेक्षित उडी किंवा नेहमीपेक्षा जास्त वेळा परतणारा स्वर होता. आपल्याकडच्या गणपतीतल्या गाण्यांना किंवा जुन्या जाहिरातींच्या चालींना हे वर्णन लावून पाहा, बरोबर बसेल.

आता लोकलचा भाग. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आयरा हायमन यांना असं आढळलं की हातातलं काम फार सोपं किंवा फार अवघड असलं की गाणं डोक्यात घुसतं. गाडीत दांडीला धरून उभं राहणं हे मनाच्या दृष्टीने जवळजवळ रिकामं काम आहे. त्यामुळे तिथे मनाला बेताचं काम द्या : वर्तमानपत्रातलं शब्दकोडं, सुडोकू, एखादी कथा. फार अवघड कोडं घेऊ नका. मन थकून भरकटलं की ओळ परत हजर होते. दुसरा उपाय म्हणजे घरी आल्यावर ते गाणं एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. नावडतं असलं तरी ऐका. अनेकांना याने सुटका मिळते. तिसरा उपाय जरा विचित्र वाटेल, पण तो तपासलेला आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात २०१५ साली असं दिसलं की च्युइंगम चघळणाऱ्यांच्या डोक्यात गाणं कमी वेळा येतं. मनातल्या मनात गातानाही आपण जीभ आणि जबडा हलवण्याची तयारी करत असतो. जबडा चघळण्यात गुंतला की त्या तयारीत अडथळा येतो.

प्रश्न : वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोने रोज जाते. शेजारी दोन मैत्रिणी गप्पा मारत असल्या तर माझं वाचन चालू राहतं. पण एकटा माणूस फोनवर बोलत असला, तोही हळू आवाजात, तरी माझं लक्ष उडतं. मी जास्तच चिडकी झाले आहे का? – एक वाचक, अंधेरी पूर्व

उत्तर : नाही. कॉर्नेल विद्यापीठात लॉरेन एम्बरसन यांनी २०१० साली नेमकी हीच गोष्ट तपासली. दोघांचं पूर्ण बोलणं ऐकणाऱ्यांचं हातातलं काम बिघडलं नाही. एकाच बाजूचं बोलणं ऐकणाऱ्यांचं बिघडलं. पूर्ण संभाषणात पुढचं वाक्य काय असेल याचा मेंदूला साधारण अंदाज असतो. अर्ध्या संभाषणात तो अंदाज पुन्हा पुन्हा चुकतो आणि ‘हो… नाही… मग काय म्हणाली ती?’ यातली रिकामी जागा भरायला मन धावत राहतं. हे ठरवून थांबवता येत नाही.

स्पीकरवर गाणी किंवा व्हिडिओ लावणाऱ्यांबद्दलही तुम्ही लिहिलं आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४५ मध्ये लोकलच्या डब्यात उपद्रव करणाऱ्यासाठी दंडाची तरतूद आहे. पण दर वेळी कायद्यापर्यंत जाण्याची गरज पडू नये. ‘जरा आवाज कमी करता का?’ एवढं शांतपणे म्हटलं तर बरेच जण ऐकतात. म्हणायचा धीर मात्र आपण सगळ्यांनी करायला हवा. एकाने म्हटलं आणि बाकीचे खिडकीबाहेर बघत राहिले की तो एकटा पडतो.

प्रश्न : मालिका बघताना संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर लगेच जाहिरात दणाणते. हे मुद्दाम करतात का? – एक ज्येष्ठ वाचक, घाटकोपर पश्चिम

उत्तर : मुद्दामच. आवाजाची कमाल पातळी मालिकेची आणि जाहिरातीची सारखीच असू शकते. मालिकेत कुजबुज असते, पावलं असतात, शांतता असते. मोठा आवाज क्वचित एखाद्या प्रसंगात येतो. जाहिरातीत हळू भाग यंत्राने उचलून मोठ्या भागाच्या जवळ आणलेले असतात. त्यामुळे अर्धं मिनिट आवाज सतत वरच्या टोकाला राहतो आणि कानाला तो कितीतरी मोठा वाटतो. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० साली सरासरी आवाज मोजण्याची पद्धत स्वीकारली, अमेरिकेत याविषयीचा कायदा डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. आपल्याकडेही केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधल्या सातव्या नियमात जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं म्हटलं आहे. नियम आहे म्हटल्यावर वाहिनीकडे लेखी तक्रार जरूर करा, वेळ आणि जाहिरातीचं नाव लिहून. तोपर्यंत टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ असेल तर तो चालू करा, बराच फरक पडेल.

प्रश्न : माझा सात वर्षांचा नातू आरतीत ‘फळीवर वंदना’ म्हणतो. त्याची आईही लहानपणी तेच म्हणायची! दोन पिढ्यांत तीच चूक कशी? – एक आजी, मुलुंड पूर्व

उत्तर : आजी, तुमच्याच घरात नाही, महाराष्ट्रातल्या घराघरांत हे चालतं. मूळ शब्द ‘फणिवरबंधना’. फणिवर म्हणजे श्रेष्ठ नाग, तो ज्याने कमरेला बांधला आहे असा गणपती. ‘दीपज्योती’चा ‘दीपक जोशी’ करणारी मुलंही अशीच घरोघरी सापडतात, आणि ‘संकटी’च्या जागी ‘संकष्टी’ म्हणणारी तर मोठी माणसंही.

बोललेल्या भाषेत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, आवाजाचा सलग प्रवाह असतो. त्यातून शब्द कुठे तुटतो हे मेंदू ओळखीच्या शब्दांच्या आधाराने ठरवतो. हे काम आपण फार लवकर सुरू करतो. १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आठ महिन्यांची बाळंसुद्धा दोन मिनिटं ऐकलेल्या निरर्थक अक्षरांच्या प्रवाहातून ‘शब्द’ वेगळे काढतात. सात वर्षांच्या मुलाला फणिवर माहीत नाही. फळी माहीत आहे, वंदना माहीत आहे, आणि गणपती अनेक घरांत फळीवरच बसलेला असतो. म्हणजे त्याने ऐकलेल्या आवाजाचा अर्थ लावला आणि तो प्रसंगाला शोभेलसा लावला. तुमच्या लेकीनेही त्याच माहितीवर तोच अर्थ लावला होता, म्हणून चूक तीच झाली. टाळ, झांजा आणि चार जणांचे चार सूर यांच्यामध्ये आरती शिकायची म्हटल्यावर याहून वेगळं काय होणार?

त्याला हसू नका. एकदा टाळ बाजूला ठेवून आरती सावकाश म्हणून दाखवा, नागाच्या पट्ट्याची गोष्ट सांगा. अर्थ कळला की मुलं शब्द स्वतः दुरुस्त करतात. आणि हे लवकर करा, कारण चालीबरोबर पाठ झालेला शब्द मोठेपणी सुटता सुटत नाही.

प्रश्न : जुन्या नाटकातल्या नटाचं नाव जिभेवर असतं, येत नाही. दोन तासांनी भाजी चिरताना आपोआप येतं. – एक वाचक, मुलुंड पश्चिम

उत्तर : नावं विसरणं सर्वांत सोपं, कारण नावाला अर्थाचा आधार नसतो. एखादा माणूस कुंभारकाम करतो असं सांगितलं तर चाक, माती, मडकी सगळं डोळ्यांपुढे येतं आणि लक्षात राहतं. त्याचं आडनाव कुंभार आहे असं सांगितलं तर यातलं काहीच हाताशी येत नाही. कॅनडातल्या कॅरिन हम्फ्रीज आणि एमी वॉरिनर यांनी २००८ साली दाखवलं की जितका वेळ आपण नाव आठवण्यासाठी झगडतो, तितकी पुढच्या वेळी त्याच नावावर अडण्याची शक्यता वाढते. चुकीच्या वाटेवर चालण्याचाच सराव होतो. तेव्हा झगडू नका. कुणाला तरी विचारा किंवा शोधून घ्या, आणि सापडल्यावर ते नाव मोठ्याने उच्चारा.

प्रश्न : एके काळी कॅसेटवर एक गाणं संपलं की पुढचं सुरू होण्याआधीच त्याचा पहिला स्वर मनात वाजायचा. आता तेच गाणं मोबाइलवर संपतं, पुढे भलतंच लागतं आणि मला चुकल्यासारखं होतं. – एक वाचक, कांदिवली पूर्व

उत्तर : हे चुकल्यासारखं होणं खरं आहे. २००९ साली जॉर्जटाउन विद्यापीठात अंबर लीव्हर आणि जोसेफ राउशेकर यांच्या गटाने ओळखीच्या सीडीवरची गाणी लोकांना ऐकवली आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत मेंदूत काय चालतं ते पाहिलं. त्या शांततेतच पुढच्या गाण्याची तयारी सुरू झालेली दिसली आणि त्यात हालचालींचा क्रम लक्षात ठेवणारे भागही सामील होते. म्हणजे कॅसेटची अख्खी बाजू तुम्हाला एक सलग क्रिया म्हणून पाठ झाली होती. गाण्यांचा क्रमही तुमच्या आठवणीचा भाग होता. मोबाइलवर तोच क्रम लावून यादी बनवता येते. जुन्या कॅसेटच्या वेष्टणावर क्रम छापलेला असतो, तो पाहून यादी बनवा.

प्रश्न : आजोबा म्हणतात की ते लहान असताना आकाशवाणीवर सिनेमाची गाणीच लागत नसत. आणि विविध भारती आपल्या बोरिवलीतून चालते असंही म्हणतात. दोन्ही खरं आहे का? मी नववीत आहे. – बोरिवली

उत्तर : दोन्ही खरं आहे, आणि तुझ्या आजोबांकडून याबद्दल जितकं ऐकता येईल तितकं ऐकून ठेव.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत ते या पदावर होते. मूळचे पुण्याचे. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम होतं आणि सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची चित्रपटगीतं आधी खूप कमी झाली, मग निर्मात्यांशी वाद होऊन जवळजवळ गेलीच. ऐकणाऱ्यांनी मात्र गाणी सोडली नाहीत. त्यांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. १९५२ च्या अखेरीस तिथे अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी संध्याकाळी लोक रेडिओभोवती जमू लागले. गंमत अशी की कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित व्हायचा, त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून लहरींवरून तो परत मुंबईत यायचा. सयानी यांचं निधन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं.

अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. तिच्या उभारणीत कवी पंडित नरेंद्र शर्मा यांचा मोठा वाटा होता. जवानांसाठी ‘जयमाला’, छोट्या नाटिकांसाठी ‘हवा महल’, जुन्या गाण्यांसाठी ‘भूले बिसरे गीत’ हे कार्यक्रम कितीतरी घरांचं घड्याळ झाले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि जाहिरातींच्या चालीही गाण्यांइतक्याच पाठ झाल्या. अशा असंख्य चाली बांधणारे आपले संगीतकार म्हणजे अशोक पत्की. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ची चालही त्यांचीच, हे अनेकांना ठाऊक नसतं.

आज विविध भारतीचं केंद्र बोरिवली पश्चिमेला आहे. देशभर ऐकू जाणारे निवेदकांचे आवाज तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावरून निघतात, याचा तुला अभिमान वाटायला हवा.

केसकरांबद्दल माझं मत विचारशील तर त्यांचा निर्णय चुकीचा होता. लोकांनी काय गुणगुणावं हे मंत्र्याने ठरवायचं नसतं. पण १९५२ सालीच संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि ज्यांना मैफलीचं तिकीट कधीच परवडलं नसतं अशा लाखो घरांत मोठे गवई पोचले, याचं श्रेयही त्यांना द्यायला हवं.

प्रश्न : आई ८२ वर्षांची आहे, स्मृतिभ्रंश झाला आहे. कधी कधी मला ओळखत नाही. पण ‘गीतरामायण’ लावलं की गाण्यामागून गाणं शब्द न चुकता म्हणते. मला आनंदही होतो आणि रडूही येतं. तिला गाणी ऐकवत राहू का? – एक मुलगी, मुलुंड

उत्तर : ताई, जरूर ऐकवत राहा.

तुमच्या आईचं वय पाहता, १ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा त्या बाराएक वर्षांच्या असतील. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली, आठवड्याला एक नवं गाणं, अशी ५६ गाणी वर्षभराहून जास्त काळ चालली. दहाव्या वर्षापासून विशी-पंचविशीपर्यंतच्या आठवणी माणसाच्या मनात सर्वांत दाट असतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. त्या वयात त्यांनी ही गाणी आठवडाभर वाट पाहून, पुन्हा पुन्हा, बहुधा सगळ्या घराबरोबर ऐकली असणार.

आणि गाण्याची स्मृती मेंदूत इतर आठवणींपेक्षा थोडी वेगळी सांभाळली जाते. २०१५ साली जर्मनीतल्या एका गटाने दाखवलं की ओळखीचं संगीत जपणारे मेंदूचे काही भाग अल्झायमरमध्ये तुलनेने उशिरा झिजतात. त्याआधीचं एक प्रसिद्ध उदाहरण ब्रिटिश संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांचं. १९८५ साली मेंदूच्या संसर्गानंतर त्यांना काही सेकंदांपूर्वीचंही आठवेना, तरी ते पियानो वाजवू शकत होते आणि गायकवृंदाला दिशा देऊ शकत होते. त्यामुळे आई तुमचं नाव विसरते आणि गाणं विसरत नाही, याचा अर्थ तिला गाणं जास्त प्रिय आहे असा कृपा करून घेऊ नका. नाव आणि गाणं मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी येतं, त्यातली एक वाट आजाराने आधी बंद केली एवढंच.

काही साध्या गोष्टी करा. गाणी लावताना टीव्ही बंद ठेवा, आवाज मध्यम ठेवा. त्यांच्या १९५३ ते १९६८ च्या सुमाराच्या गाण्यांपासून सुरुवात करा, ओव्या आणि आरत्याही त्यात येऊ द्या. ‘गीतरामायणा’ची मूळ रेडिओवरची गाणी अनेक गायक-गायिकांनी गायली होती, नंतर बाबूजींच्या, म्हणजे फडके यांच्या, एकट्याच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं घरोघरी गेली. आईला कुठला आवाज जवळचा वाटतो ते पाहा. नुसतं ऐकवू नका, शेजारी बसून तुम्हीही म्हणा. एखाद्या गाण्याने त्या अस्वस्थ झाल्या किंवा रडू लागल्या तर ते गाणं बाजूला ठेवा. गाण्याने आजार बरा होत नाही, डॉक्टरांची औषधं चालू ठेवावीच लागतील. पण त्या गाण्यापुरती तुमची आई तुमच्याबरोबर असते. तेवढा वेळ तिच्याबरोबर गा, बाकी काही आठवून घ्यायचा आग्रह धरू नका.

प्रश्न : माळ्यावर कॅसेटची पेटी सापडली. त्यात वडिलांच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण आहे. पांढरी बुरशी दिसते. ऐकू का? – एक वाचक, दहिसर

उत्तर : लगेच लावू नका. आपल्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते. तशी कॅसेट चांगल्या टेपमध्ये लावली की बुरशी यंत्राच्या हेडवर बसते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. बुरशी लागलेल्या कॅसेट वेगळ्या काढून जाणकाराकडूनच साफ करून घ्या. ज्या स्वच्छ आहेत त्यांच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर काही मुद्रित होणार नाही. मग पेन्सिलीने फीत थोडी फिरवून मोकळी झाली का पाहा. जुन्या टेपचे रबरी पट्टे सैल झालेले असतात, ते लॅमिंग्टन रोडवर बदलून मिळतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेपमधून तारेने आवाज संगणकात घ्या, आधी न दाबलेल्या म्हणजे वेव्ह स्वरूपात साठवा आणि प्रत दोन ठिकाणी ठेवा. कुणाचा आवाज आहे, कुठल्या वर्षीचा, कुठल्या प्रसंगाचा, हे फाइलच्या नावातच लिहा.

ज्यांच्या घरी अशा कॅसेट आहेत त्या सर्वांना हीच विनंती : हे काम पावसाळ्यापूर्वी उरका. सिनेमाची गाणी पुन्हा कुठेही मिळतील, घरातल्या माणसाच्या आवाजाची मात्र तेवढी एकच प्रत असते.